एवढी मोठी पोर कडेवर

सोमवार, ३ मार्च

लांदी,

तर सगळ्यांत आधी येऊन कोण बसलं असेल सांग! फिदेन्सिओकाका! ज्याच्या घरात ना पोर ना नातू, तो शाळेच्या पहिल्या बाकावर, धुतलेला सदरा घालून आणि टोपी मांडीवर घेऊन. मास्तर म्हणाले, "काका, आज पोरांचा कार्यक्रम आहे." तर म्हणतो कसा, "असू दे की. मागं शहरातनं माणसं आली तेव्हा मी उशिरा पोचलो आणि चष्मे संपले." त्याला वाटलं, याही खेपेला काहीतरी वाटणार. त्याच्या आधी कोंबड्या वाटल्या होत्या, आठवतं का? आठवड्यात गावातल्या सगळ्या मेल्या. आपली काळी तेवढी जगली, कारण तिला मी चुलीपासून हलू दिलं नाही. अजून आहे ती. अंडं देत नाही, पण दारात कुणी आलं की कुत्र्याच्या आधी ओरडते.

काय सांगत होते? हां, माणसं. काल रविवारी मेरिदा शहरातनं चौघं आली. तरुण पोरं गं, शिकलेली, नोकरीधंद्याची. सुट्टीचा दिवस घालवून खेड्यातल्या शाळांत फुकट शिकवतात. म्हणाली, "जगात काय काय कामं असतात ते तुम्हाला दाखवायला आलोय." मी मनात म्हटलं, कामाची काय कमी आहे आमच्याकडे, दाखवायची कशाला?

आधी त्यांनी पोरांनाच विचारलं, मोठेपणी कोण होणार. पोरं म्हणाली गवंडी, वेटर, विचोसारखी व्हॅन चालवणार. पोरी म्हणाल्या हॉटेलात, दुकानात, नाहीतर कशिदा. मग आपली नेय्दी उठली. उठली म्हणजे काय, खांबच उभा राहिला. यंदा तिचं डोकं दाराच्या चौकटीला लागायला आलंय. म्हणाली, "मी आईसारखे हॉटेलच्या खाटांवर टॉवेलांचे हंस करीन." पोरं फिदीफिदी हसली. मी मागनं ओरडले, "दात काय काढता रे? एक हंस करून दाखवा बघू!" तुझ्या हंसांची मला लाज नाही, लांदी. त्यांच्यावर हे घर चाललंय, मला ठाऊक आहे.

पण त्यांच्यात एक बुटकीशी पोरगी होती, सुल्मी नावाची. ती हसली नाही. तिनं विचारलं, "छान. आणि हंस माहीतच नसते, तर काय केलं असतंस?"

नेय्दी पोरांकडं बघायला लागली, पोरं मास्तरांकडं. कारण कुणाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं गं. मला तरी कुठे होतं?

मग त्यांनी टेबलावर आपापल्या कामाच्या वस्तू मांडल्या. पुढे विशेष काही नाही. वस्तू दाखवल्या, आपल्याकडं टर्कीचा काळा रस्सा जेवले, गेले. नेय्दी किती जड झालीय ते त्या सुल्मीच्या कमरेला विचार, बिचारी... जाऊ दे. ते काही नाही.

हा कागद विचो तुझ्या हातातच देईल. दुकानातल्या फोनवर तू "कामात आहे" म्हणून ठेवून देतेस आणि मागची सगळी रांग माझ्या तोंडाकडं बघते. विचोला तसं करता येणार नाही. "बाईनं घेतल्याशिवाय मी व्हॅन सुरू करणार नाही," म्हणालाय.

तोच सांगत होता, की तू कान्कुनच्या खोलीत भिंतीला आणखी दोन आकडे ठोकून घेतलेस, झोपायचा दुसरा झुला टांगायला. म्हणजे जुलैत शाळा संपली की नेय्दीला न्यायचं तू पक्कंच केलंस.

जेवत जा.

आई


बुधवार, १९ मार्च

लांदी,

तुझा निरोप विचोनं पोचवला. नुसता पोचवला नाही, कमरेवर हात ठेवून तुझ्या आवाजात म्हणून दाखवला. "माझ्या पोरीला कडेवर कुणी घेतलं, आणि कुणाला विचारून घेतलं?" दुकानाबाहेरच्या बाया पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही.

म्हणजे तुला कळलंच. त्या फिदेन्सिओकाकाच्या भाचीनं सांगितलं असणार, तुमच्याच हॉटेलात धुण्याला आहे ती. बरं झालं, मला लपवता येतच नव्हतं. आता सरळ सांगते.

टेबल शाळेच्या मधोमध ओढलं होतं. त्यावर ओळीनं वस्तू. छातीचे ठोके ऐकायची नळी, रस्ते मोजायची दुर्बीण, विजेच्या तारा जोडायची सळई आणि एक पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. आपण झुले विणतो तसलाच दोरा, पण रीळ केवढं! भोवती फिरायला मोकळी जागा. आणि त्या चौघांतला दाढीवाला पोरगा हसत हसत म्हणतो, "चला, ज्याला जे आवडेल ते उचला. हातात घेऊन बघा."

तूच सांग, कोण उचलणार? हेत्स्मेकचा विधीच की तो! मधे टेबल, वर जन्मभराच्या कामाच्या वस्तू. तीन महिन्यांची पोर असली की धर्माची आई तिला पहिल्यांदा कडेवर बसवते, टेबलाभोवती फिरवते आणि एकेक वस्तू हातात देते. पोरानं स्वतः उचलायची रीत कुठाय? आणि देणारी काही देऊन घरी जात नाही, जन्माची चिकटते. हे म्हणतात उचला आपापलं, जसा काही आठवड्याचा बाजार! एउसेबियानं तर आपल्या पोराचे दोन्ही हात मागं घट्ट धरून ठेवले. सगळ्या आया पोरं ओढून भिंतीला चिकटल्या.

त्या चौघांना वाटलं, पोरांना यात काही गोडीच नाही. दाढीवाल्याचं तोंड असं उतरलं! तो हळूच एकेक वस्तू पिशवीत भरायला लागला. मला बघवेना. मी उठले.

म्हटलं, "अरे बाबा, असं सगळं मांडून ठेवलंत आणि म्हणता उचला. कडेवर कोण घेणार?"

दाढीवाल्याला काही कळलं नाही. पण ती सुल्मी! तिनं कपाळावर हात मारला आणि इतकी हसली, इतकी हसली, की खाली बसली. तोवर सगळे स्पॅनिश झाडत होते. ती एकदम आपल्या माया भाषेत बोलायला लागली, ती पण अगदी खेड्यातली माया. "आजी, मला माझ्या आजीनं घेतलं होतं कडेवर. हातात कात्री दिली होती."

"मग शिंपीण झालीस?"

"नाही. मी जमिनीखालच्या पाण्यात शिरते. तिथल्या वाटांचे नकाशे काढते."

"आणि कात्री?"

"जवळ ठेवते की. आत दोरा पायात अडकला तर कापायला."

ऐकलंस ना, लांदी? ती म्हातारी कधीची मेली असेल. तिला काय ठाऊक, आपण काय हातात देतोय.

मग सुल्मी म्हणाली, "घेऊ का मी एकीला?"

मी म्हटलं, "घेशील, पण सोडता येणार नाही. जन्मभराची घ्यावी लागेल."

ती लगेच हो म्हणाली नाही. जमिनीकडं बघत उभी राहिली. तेच मला आवडलं. पटकन हो म्हणाली असती तर मी नेय्दीला घेऊन घरी आले असते. मग तिनं विचारलं, "हिची आई कुठाय?"

मी म्हणाले, "कामाला गेलीय. मी आहे."

हो, मी म्हणाले. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

आता चित्र डोळ्यांपुढं आण. सुल्मी माझ्या खांद्याएवढी आणि कडेवर आपली नेय्दी! तिचे पाय जमिनीवर फरफटताहेत, सुल्मी लाल झालीय, मास्तर डोळे पुसताहेत, फिदेन्सिओकाका मोठ्यानं फेऱ्या मोजतोय आणि चुकतोय. "सहा!" "काका, आत्ताच सहा झाल्या!" "मग पुन्हा सहा!" नेय्दी ओरडतेय, "आजी, उतरव मला, मेले मी लाजेनं!" एउसेबिया धावत जाऊन उकडलेली अंडी आणि भोपळ्याच्या बिया घेऊन आली, कारण ते भरवल्याशिवाय कसला हेत्स्मेक.

मग सुल्मी थांबली. तिनं नळी हातात दिली, काढून घेतली. दुर्बीण दिली, काढून घेतली. आणि रीळ दिलं. म्हणाली, "हा दोरा घे. अंधारात शिरलीस तरी परत यायची वाट तुझ्या हातात राहील."

नेय्दीनं ते परत दिलं नाही.

 आणि मग एकदम गलका, "मला! मला पण!" सगळी पोरं रांगेत. दाढीवाल्याची पाठ मोडली पोरं उचलून. गावात आता त्याची इतक्या घरांशी सोयरीक झालीय, की पुढच्या वेळी आला तर त्याला घराघरात जेवून मरावं लागेल.

तर आता तुला कोमाद्रे आहे, लांदी. तुझ्या पोरीची धर्माची आई. जाताना तिनं मला विचारलं, "माझी कोमाद्रे मला कधी भेटेल?" मी काय सांगणार? म्हटलं, तिला सुट्टी मिळत नाही.

आई


मंगळवार, ८ एप्रिल

लांदी,

"पोरगी माझी आहे." चार दिवस वाट बघितली आणि विचोनं एवढंच आणलं. या खेपेला त्यानं तुझी नक्कल केली नाही. टोपी काढून सांगितलं.

तुझीच आहे गं. कोण नाही म्हणतंय? पण आज भांडायला कागद घेतला नाही. मला जे दिसलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप यायची नाही, आणि तुझ्याशिवाय मला कोण आहे.

शनिवारी सुल्मी आणि दाढीवाला पुन्हा आले, आपल्या आपण. धर्माची आई रिकाम्या हातानं येत नाही, तर तिनं नेय्दीला पाण्यात डोळ्यांवर बांधायची काच आणली. म्हणाली, "चला सेनोत्यावर." मी म्हटलं, त्यात काय बघायचं? तू लहानपणी तिथं पोहायचीस, गुहेतलं निळं पाणी, वरनं झाडांची मुळं लोंबणारी. आम्ही तिथनं घागरी भरल्यात. ते एक मोठं रांजण आहे, असंच मी जन्मभर समजत होते.

दोघांनी पाठीवर हवेच्या टाक्या बांधल्या. दोऱ्याचं टोक काठावरच्या खडकाला बांधलं, त्या खडकापाशी मला बसवलं आणि सुल्मी म्हणाली, "आजी, दोऱ्यावर बोट ठेवा. तो हलतोय तोवर आम्ही पुढं जातोय." आणि गेली की आत! पाण्यात दिव्याचा एक ठिपका, तो लहान होत होत विझला. नेय्दी काठाशी पाण्यात तरंगत, काच लावून, तोंड खाली घालून बघत होती.

माझ्या बोटाखाली दोरा थरथरत होता. लांदी, दोरा म्हणजे मला झुल्यातला ठाऊक. तो कुठं जातोय हे मला आजवर दिसत आलंय, या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत. हा दोरा खडकात शिरून चालला होता आणि थांबायचं नाव नाही. सगळ्या संतांची नावं घेऊन झाली. पुन्हा पहिल्यापासून घेतली. मग दोरा हलायचा थांबला.

मी ओरडले, "नेय्दी, माणसं गेली!" नेय्दी वर आली, हसली आणि म्हणाली, "गेली नाहीत, आजी. पोचली." तिला कसं कळलं, देव जाणे.

आणि त्याच वेळी गावातनं बोंब! फिदेन्सिओकाका! आम्ही धावलो. हा आपल्या परसात विहिरीच्या काठी बसलेला, तोंड पांढरं फटक. पाणी काढायला बादली सोडली, तर खालनं बाईचा आवाज आला, "काका, बादली जरा जपून, डोक्यात बसेल!"

त्यानं बादली सोडून दिली. "मेलेली बायको वाटली मला," म्हणतो. "तीच अशी ओरडायची."

विहिरीत वाकून बघितलं, तर खाली काळ्या पाण्यात सुल्मी आणि दाढीवाला, दिवे हलवताहेत. लांदी, सेनोत्यात शिरलेली माणसं फिदेन्सिओकाकाच्या विहिरीत निघाली! अख्ख्या गावाच्या खालनं पोहत आली. म्हणजे देवळाच्या, दुकानाच्या आणि शाळेच्याही खालनं. मी या वयात पहिल्यांदा खाली बघितलं. इतकी वर्षं आपण नुसते वरच राहत होतो गं.

संध्याकाळी सुल्मीनं आपल्या ओसरीवर मोठा कागद पसरला. दोऱ्याला ठरावीक अंतरावर गाठी असतात, त्या मोजून आणि दिशा लिहून ती आतली वाट उतरवते. वरचं गाव मात्र नेय्दीनं काढलं. सुल्मी मागच्या खेपेला देऊन गेलेलं होकायंत्र घेऊन ती आधीचे दोन दिवस गल्लीगल्लीत चालत होती, मला वाटलं उंडारतेय. घरं, दगडी कुंपणं, एउसेबियाचं डुकरांचं खुराडंसुद्धा. मग सुल्मीची निळी रेघ तिच्या गावाखालनं ओढली. नेय्दी त्या रेघेवरनं बोट फिरवत आली आणि थांबली.

"आजी, तुझ्या चुलीखालनं नदी जाते."

मी उठून आत गेले. चुलीपाशी जमिनीला कान लावला. कोंबडी येऊन माझ्या डोक्यावर उभी राहिली. ऐकू काही आलं नाही. पण तेव्हापासून मी तिथं हळूच पाय टाकते.

आता ऐक. सुल्मी म्हणते, वायादोलिदला पुढची शाळा आहे, तिथं तिच्या मावशीकडं नेय्दी राहू शकेल. त्यानंतर मेरिदाला जमिनीचं आणि पाण्याचंच शिकवतात. मी हो म्हटलं नाही. मी नेय्दीला विचारलं, तुला काय पाहिजे. ती बराच वेळ चुलीतली राख टोकरत बसली. मग म्हणाली, "आईला लिही, मला तिची रोज आठवण येते. आणि लिही, की मला कान्कुनला यायचं नाही."

मी विचारलं, "दोन्ही लिहू?"

"दोन्ही लिही. एकच लिहिलंस तर तिला ते खोटं वाटेल."

दोन्ही लिहिलं.

तू एकटी राहतेस, हे मला कळतं, लांदी. भिंतीला आकडे का ठोकलेस तेही कळतं. दिवसभर परक्यांच्या खाटा आवरून खोलीत यायचं आणि तिथं आपलं कुणी नाही. तुला सोबत हवी होती, त्यात चूक काय? पण नेय्दीनं हंस म्हटलं ते तिला तेवढंच ठाऊक होतं म्हणून. आता तिला दुसरंही ठाऊक झालंय. ते मी कसं विसरायला लावू? मलाच विसरता येत नाही.

नाही म्हणायचं असेल तर म्हण. तो तुझा हक्क आहे. पण विचोकडनं नको. तुझ्या पोरीला कडेवर घेऊन जिची कंबर धरली, तिच्यासमोर बसून म्हण. माझ्या हातचं खाऊन म्हण. ते चौघं पुन्हा येणार आहेत, दिवस कळवतो म्हणालेत.

आई


शनिवार, ३ मे

लांदी,

विचो आज आला तो हॉर्न वाजवतच आला. वाटलं कुणी मेलं. व्हॅनमधनं उतरला, पण सांगेना. आधी सरबत मागितलं. ते प्याला. मग मिशी पुसली. मी म्हटलं, "विचो, आता बोलला नाहीस तर व्हॅनचे आरसे फोडते."

तर म्हणाला, "लांदी विचारत होती, कोमाद्रे काय खाते?"

मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग नेय्दीला हाक मारली आणि तिच्यासमोर पुन्हा. नेय्दीनं त्याला मिठी मारली, तो बिचारा टोमॅटोसारखा लाल. पुढं तो म्हणाला, तुझ्या मुकादमिणीनं विचारलं, सुट्टी कशाला पाहिजे, कुणी आजारी आहे का. आणि तू सगळ्या धुण्याच्या बायांसमोर सांगितलंस, "आजारी नाही. माझी कोमाद्रे घरी यायची आहे."

तू कोमाद्रे म्हणालीस. तुझ्या तोंडून.

बाकीचं काय बोलशील ते तू जाण. मी तुझ्याकडनं हो काढून घेणार नाही, नेय्दीलाही बजावलंय, की आईच्या गळ्यात पडून काही मागायचं नाही. तिनं तो कागद मात्र भिंतीला लावलाय, गाव वर आणि नदी खाली. त्यात तुझ्या नावानं एक ठिपका काढलाय, रस्त्याच्या पार टोकाला, कागद संपतो तिथं. म्हणते, "आईपर्यंत मोजायला अजून दोरा लागेल."

सुल्मी सगळं खाते. तिखट जरा जास्तच खाते. कोंबडी खाते, पण काळीकडं बघू नकोस, ती म्हातारी आहे, शिजणार नाही. मी टर्कीच करीन. तू येताना मिरी आण, इथली दुकानवाली भुसा मिसळून विकते. आणि पायात ते हॉटेलचे पांढरे बूट घालून येऊ नकोस, वाट दगडांची आहे. फिदेन्सिओकाका तर आत्ताच विचारून गेला, या खेपेला चष्मे आहेत का. विहिरीवर त्यानं पाटी लावलीय, "आत येण्याआधी हाक मारा." आतल्यांसाठी लावलीय गं, खालनं येणाऱ्यांसाठी!

दिवस मास्तरांनी आज सांगितला, मी लगेच लिहून ठेवतेय. चौघंही येणार. रविवार, १८ मे, सकाळच्या पहिल्या गाडीनं.

आई